मासळीच्या पेटीतलं गरम पाणी

मेहुण्याची आंबिवलीला पिठाची गिरणी. लग्नानंतर मी तिथेच कामाला होतो. काम म्हणजे काय, एकीच्या गव्हात दुसरीची बाजरी घालायची आणि दोघींच्या शिव्या खायच्या. शेवटी एक जुना टेम्पो घेतला आणि काचा पुसायचा धंदा काढला. निघालो तेव्हा मेहुण्याने माझी पिठाची टोपी खुंटीला अडकवली. "जा. ही इथेच राहू दे. येशीलच परत."

त्या टोपीकडे बघून मी ठरवलं, काय वाट्टेल ते होऊ दे, ती परत घालायची नाही.

तेव्हा घोडबंदर रोडला नव्या बिल्डिंगी उठत होत्या. खाली काचेची दुकानं. नव्या काचेवर रंगाचे ठिपके, स्टिकरचा गोंद, वरून ट्रकचा तेलकट धूर. मी बादलीभर थंड पाणी मारायचो. डाग जायचे नाहीत, नुसती जागा बदलायचे. एका फर्निचरवाल्या शेठने तर मला काचेसमोर उभं केलं. "तू काच साफ केलीस, का घाण सगळीकडे सारखी वाटलीस? गरम पाणी आण. रविवारी शेवटचा चान्स. जमलं तर माझ्या तिन्ही दुकानांचं काम तुझं."

पाणी तापवायचा रॉड लावावा तर शेठचं शटर उघडायच्या आत काम संपायला हवं, मग प्लग कुठला? गॅसची शेगडी लावावी तर घरात सिलिंडर एकच. राहिला बायकोचा तांब्याचा बंब.

"माझ्या आईने दिलाय तो," बायको बोलली. "तो परत आला नाही तर तुम्हीपण येऊ नका."

बंब टेम्पोत बांधला, कोळसे पेटवले, आणि ट्रायल म्हणून आमच्या कल्याणातल्याच एका डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर उभा केला. पाणी काय उकळलेलं! पण काजळी पण तशीच उडत होती. मी इकडची काच पुसतोय, बंब तिकडची काळी करतोय. असं काम जन्मात संपत नाही. धंद्याला चांगलंच, पण डॉक्टरांना नाही पटलं.

तोंड काळं करून घरी आलो. म्हणजे खरोखरचं काळं. शेजारची कोळीण मावशी दारात मासळीची पेटी धूत बसलेली. बाहेरून पत्रा, आतून पत्रा, मध्ये थर्माकोल, आणि बर्फाचं पाणी जायला खाली तोटी.

"काय रं, होली खेलून आलास काय?"

सगळं सांगितलं. ती पोटभर हसली, मग पेटीवर हात मारला. "अरं, हिच्यान बरफ दुपारपावत वितलत नाय. मंग तुजा गरम पानी थंड कसा होल?"

मी बघतच राहिलो. रोज त्या पेटीला ठेचकाळून मी जायचो, पण डोकं कधी ठेचकाळलं नाही.

पेटी मागून घेतली. साबणाने घासली, राखेने घासली, लिंबू चोळलं. रविवारी घरच्या बंबात पाणी उकळलं, पेटीत ओतलं, झाकण दोरीने आवळलं. कल्याणहून घोडबंदर रोडला पोचलो, तोटी उघडली, तर हात भाजला. एवढा आनंद हात भाजल्यावर कोणाला झाला नसेल. गोंद सुटला, रंग सुटला. काचेत मी दिसलो, आणि चक्क बरा दिसलो.

शेठ आला, खूश झाला. मग नाक वर केलं. "वास कसला रे?"

"कुठे काय, शेठ?"

तेवढ्यात एक मांजर आलं आणि खालची काच चाटायला लागलं. मन लावून. माझ्यापेक्षा नीट.

"माझ्या गिऱ्हाइकाला सोफा घ्यायचाय, बोंबील नाही," शेठ बोलला. "काच एक नंबर झालीये. पुढच्या रविवारी वास नाही आला तर काम तुझं."

मावशीने नेमकी नवी पेटी आणलेली. त्यात मासळी पडायच्या आत मी तिच्यासमोर जाऊन उभा. "मावशी, ही मला दे ना."

"मंग म्हावरा काय तुज्या डोक्याव ठेवू?"

"जुनी तू वापर. रोज सकाळी तुला टेम्पोने बाजारात सोडतो."

सौदा जमला. तिची पेटी टेम्पोच्या टपावर, माझी आत. मध्ये ताडपत्री. दुसऱ्या रविवारी शेठने काचेला नाक लावून वास घेतला, नाकाचा ठसा उठला, तो पण मी पुसला. तिन्ही दुकानं मिळाली.

ही बातमी सांगायला मी छाती काढून आंबिवलीला गेलो. मेहुणा बोलला, "एवढा शहाणा झालायस तर ही खिडकी कर." वर्षानुवर्षांचं पीठ त्या काचेवर. मी ऐटीत टेम्पोतल्या पेटीची तोटी उघडली आणि उरलेलं कढत पाणी मारलं.

पिठावर गरम पाणी. खळ झाली. घट्ट, चिकट, पतंग चिकटवायला लागते तशी. माझं फडकं चिकटलं, मग हात चिकटला, मग फडकं सोडवायला आलेला मेहुणा चिकटला.

त्याने हात सोडवला, आत गेला, खुंटीवरची टोपी काढली आणि माझ्या हातात दिली. "ही घेऊन जा. परत इथे कामाला यायचं नाही, कळलं?"

मी हो बोललो, आणि त्याच टोपीने खिडकी खरवडायला घेतली.