आमच्या भावकीचा मूळपुरुष

नव्वद सालानंतरची दोन-अडीच वर्षं मी एका मेलेल्या माणसाच्या मागे घालवली. तो भेटला असता तर मी त्याला चांगलं सुनावलं असतं.

रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी देवळाचा जीर्णोद्धार निघाला होता. सभामंडपात संगमरवरी पाटी बसवायची आणि आमच्या भावकीतला पहिला माणूस कोण, कुठून आला, ते तिच्यावर कोरायचं असं ठरलं. भावकीत वरची आळी आणि खालची आळी असे दोन तट. मूळपुरुष आमचाच, असं दोघांचंही म्हणणं. माझे थोरले चुलते, आमचे आबा, वरच्या आळीचे पुढारी. पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले. त्यांच्या मते मूळपुरुष घोड्यावरून, कमरेला तलवार लावून आला होता. पुरावा काय, तर आबांना तसं वाटत होतं.

मी लग्न होऊन सांगलीला आलेली, कुपवाडच्या एका कारखान्यात टायपिस्ट. आबांचं कार्ड आलं. ‘तू शिकलेली हाईस. पुरावा काढ. रजा घे.’ भावकीत वीस-बावीस कर्ते पुरुष होते. त्यांतल्या एकालाही रजा मिळत नव्हती, आणि मला मात्र ती झाडावरून तोडून घ्यायची होती.

एका सरकारी दप्तरखान्यात मी तीन हेलपाटे घातले. पहिल्या खेपेला किल्लीवाला लग्नाला गेला होता. दुसऱ्या खेपेला किल्ली होती, पण वीज नव्हती. तिसऱ्या खेपेला आमच्या आडनावाचा एक कागद सापडला, तो मोडीत. मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक साताऱ्यात राहत. त्यांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डोळ्यावरची पट्टी निघेपर्यंत महिना गेला. मग त्यांनी भिंग लावून कागद वाचला आणि कौतुकाने माझ्याकडे पाहिलं.

“तुमच्याच घराण्यातला आहे हं! शेजाऱ्याच्या वांग्यांत म्हैस सोडली म्हणून याला समज दिलीय.”

त्यांनी चहा मागवला आणि ते म्हणाले, “बाई, कागद कशाला धुंडाळता? तुमचा हेळवी कोण, ते बघा.”

हेळवी म्हणजे बैलावर बसून गावोगाव फिरणारे. ठरलेल्या घराण्यांच्या पिढ्या त्यांच्या चोपडीत लिहिलेल्या असतात, आणि सुगीनंतर दारात येऊन ते त्या म्हणून दाखवतात. मी तशीच गावी गेले आणि आबांना विचारलं.

“हेळवी? यायचा की आपल्याकडं,” आबा म्हणाले. “मीच हाकलला त्येला. पलटणीतनं आलो, त्या साली. म्हटलं, धडधाकट माणूस, मागून काय खातोस!”

“आबा, हे मला आधी का नाही सांगितलंत?”

“तू इचारलंस कवा?”

मी उठून मागच्या दारी गेले आणि विनाकारण दोन बादल्या पाणी शेंदलं.

कारखान्यात लेथवर काम करणारा एक जण जतकडचा होता. त्याने सांगितलं, मिरजेच्या पलीकडे हेळव्यांची घरं आहेत. तीन रविवार मी लूनावरून तिकडे फिरले. तिसऱ्या रविवारी आमचा हेळवी सापडला, म्हणजे आबांनी हाकलला त्याचा मुलगा. बाप वारला होता. हा पन्नाशीचा, शांत माणूस. गावाचं नाव काढताच त्याचा चेहरा बदलला.

“तुमचं समदं हाय आमच्याकडं, अव्वा. पर बापाला दारातनं घालवलं, तवापासनं त्या गावाची चोपडी उघडली न्हाई. ज्येनं घालवलं त्येनं बोलवावं. मग वाचतो.”

हे मी आबांना कळवलं. आबांचं उलट कार्ड आलं, एका ओळीचं: ‘सुभेदार कुणाची माफी मागत नसतो.’ चार महिने तसेच गेले. मग खालची आळी पाटी परस्पर कोरून घेणार अशी कुणकुण लागली आणि आबांनी गपचूप हेळव्याच्या नावाने कार्ड टाकलं.

हेळव्याला घेऊन मी एसटीने गावी आले, तेव्हा आबा थांब्यावर उभे होते. माफी-बिफी काही नाही. त्यांनी त्याच्या हातातलं बोचकं घेतलं आणि पुढे चालू लागले. तोही मुकाट्याने मागून निघाला.

देवळात दोन्ही आळ्या जमल्या. हेळव्याने चोपडी उघडली. अक्षर कानडी. तो एका सुरात नावं म्हणत मागे मागे गेला आणि सातव्या पिढीवर थांबला.

“हितनं फुडं बाप्या न्हाई. बाई हाय.”

“बाई कशी?” आबा म्हणाले.

“व्हय की. पेशवाई बुडाली, सवारांची पथकं मोडली. हिचा दादला सवार व्हता, त्यो मेला. ही मिरजंकडनं दोन पोरं घिऊन नदीच्या काठाकाठानं चालत आली. साहेबाचा नवा अंमल, पडीक रानं लागवडीला देत व्हते. तिनं हितं रान फोडलं.”

“घोडा?” आबांनी विचारलं.

“लिवल्याला न्हाई.”

मला हसू आवरेना आणि रडूही यायला लागलं. दोन पोरांपैकी एकाची वरची आळी, दुसऱ्याची खालची. आता तरी भांडण मिटेल असं मला वाटलं. पण खालच्या आळीचा एक जण म्हणाला, “पाटीवर रंडकी बाई नको. दोघा भावांचीच नावं घाला.” दुसरा म्हणाला, “मग थोरला कोण, ते आधी ठरवा.” आणि दोन्ही आळ्या पुन्हा भांडायला उभ्या राहिल्या.

आबा खांबाला टेकून बसले होते. ते एकदम ओरडले, “आईबिगर आली काय रं पोरं? चालत आली न्हवं ती! मी पलटणीत मैलोगणती चाललोय, मला ठावं हाय चालणं काय असतं.”

मी हेळव्याला विचारलं, “तिचं नाव काय होतं?”

त्याने पान उलटसुलट पाहिलं. “न्हाई लिवल्यालं. आमच्या म्हाताऱ्यांनी इचारलं नसंल.”

पाटी वर्षभराने लागली. तिच्यावर दोघा भावांची नावं आहेत आणि त्यांच्या वर ‘दोघांची आई’ एवढंच आहे. ते दोन शब्द आबांनी मोठ्या मिनतवारीने घालून घेतले.

चोपडी वाचली त्या दिवशी, निघायच्या आधी हेळवी नवीन जन्मलेल्यांची नावं लिहून घेत होता. भावांच्या मुलांची झाली. मी म्हटलं, माझ्या मुलीचं लिहा.

“लेकींचं न्हाई लिवत, अव्वा. आन ती तर लेकीची लेक.”

“अडीच वर्षं हिंडलेय मी या चोपडीसाठी. लिहा.”

मी चोपडीवर हात ठेवला तो उचललाच नाही. शेवटी त्याने सुस्कारा टाकला, पानाच्या कोपऱ्यात काहीतरी खरडलं आणि फुंकर मारून शाई वाळवली. मला कानडी वाचता येत नाही. त्याने काय लिहिलं, देव जाणे.