एकही खाडा नाही

गोदामात वजनकाट्यावर बसणाऱ्या या माणसाला सगळे वकील म्हणत. शिक्षण सातवी, पण कुणाची रजा अडली, कुणाची पाळी बदलायची असली, की साहेबापुढे हाच उभा राहायचा आणि हुकमी पत्ता टाकायचा: बावीस वर्षांत माझा एकही खाडा नाही, माझा शब्द राखा. साहेब विरघळायचा.

मग साहेबाची जागाच रद्द झाली. निम्मी माणसं दूरच्या नव्या गोदामात धाडायची होती, आणि कोण जाणार ते दोन सॉफ्टवेअर आपसात वाद घालून ठरवणार होती. एक कंपनीचं, दुसरं ज्याच्या-त्याच्या फोनमधलं, कामगाराची बाजू मांडणारं. हमाल हसले, "वकीलबुवा, आता तुम्हालाच वकील!"

याला इथंच राहायचं होतं. बायकोला विसरण्याचा आजार. घर बदललं तर ती उरलंसुरलं भानही घालवेल, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं.

फोनमधल्या प्रतिनिधीने बजावलं, विचारेन तेवढंच सांगा; आपण मांडलेला मुद्दा समोरचा आपल्यावरच उलटवतो, म्हणून काही गोष्टी मी झाकूनच ठेवणार. त्याने डॉक्टरांचा कागद पुढे केला आणि बाकी मूग गिळले. कंपनीचं सॉफ्टवेअर दोनदा मागे सरलं.

शेवटी कामगाराला स्वतःचं एक वाक्य जोडायची मुभा होती. प्रतिनिधी नको म्हणत होता, पण याचे हात शिवशिवले. लिहिलं: बायको दोन वर्षं आजारी, तरी माझा एकही खाडा नाही.

उत्तर पापणी लवायच्या आत आलं. खाडा नाही, म्हणजे घरी तिला सांभाळणारं दुसरं कुणी आहे. बदली कायम.

"दिवसा कोण असतं तिच्याजवळ?" प्रतिनिधीने विचारलं.

"मेहुणी. पण ती महिनाअखेरीला लेकीकडे चाललीय, कायमची."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"विचारेन तेवढंच सांगा म्हणालात ना."

त्या एका वाक्याबरोबर नवी माहिती द्यायची मुदत संपली होती.

घरी मेहुणी कपडे घडी करत होती. सगळं ऐकून म्हणाली, "दाजी, माझंही वय झालं आता."

तो बायकोपुढे बसला. आपल्याला दुसऱ्या गावी जायचंय, दोघांनी, असं हळूहळू समजावलं. तिने पाहुण्याचं ऐकावं तसं ऐकून घेतलं.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "आमचे हे कामावरून आले, की त्यांना विचारते."