आईची फणी

लेक दत्तक आली तेव्हा पाच वर्षांची होती. कर्नाटकातल्या जंगलपट्टीतली, सिद्दी. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या माणसांच्या वंशातली. तिची आई वारलेली. डोकंभर बारीक, घट्ट वेण्या घेऊन ती रत्नागिरीत आली. असे केस ओले करून, तेल लावून, टोकाकडून बोटांनी सोडवायचे, हे मी तिच्या गावच्या एका बाईकडून शिकून घेतलं. भांग कुठून पाडून वेण्या घालायच्या ते लेक बोटाने दाखवायची. "आई असा पाडायची." शिकायची मला लाज नाही. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. शिकूनच इथवर आले.

खेडच्या वन्सं, माझी मोठी नणंद, राहायला आल्या होत्या. मी मासळी घेऊन परतले तर पडवीतून किंकाळी. वन्संनी लेकीला गुडघ्यांत दाबून धरलेलं. वेण्या सगळ्या सोडलेल्या आणि कोरड्या केसांत लाकडी फणी घालून खेचाखेच चाललेली. भांगातून कपाळावर रक्ताचा ओघळ.

"सोडा तिला."

"बी.ए. झालीस गो, पण पोरीच्या दोन वेण्या घालता येत नाय तुला. हबशीण दिसते. लोक हसतात."

फणीचे दात मोडले. वन्संनी कात्री उचलली. "मुळातनंच काढते. नवे सरळ येतील."

लेक त्यांच्या मांडीला चावली. त्यांनी कानाखाली अशी दिली की पोर खांबावर आदळली. मी पिशवी टाकली आणि वन्संचं मनगट पिरगाळलं. कात्री सुटेना. झटापटीत पातं त्यांच्याच तळव्यात घुसलं. दुसऱ्या हाताने त्यांनी माझा अंबाडा धरला, मी त्यांना भिंतीवर ढकललं.

नवरा धावत आला. "माझ्या बहिणीवर हात टाकलास?"

"टाकला. परत कात्री उचलली तर परत टाकेन."

त्याने लेकीचं कपाळ बघितलं आणि कात्री उचलून बाजूला ठेवली.

तेवढ्यात लेक उठली. पडलेली फणी उचलून तिने न्हाणीच्या पेटत्या चुलीत टाकली.

"माझ्या आयशीची फणी ती," वन्सं रडायला लागल्या. "काढा रे कोणीतरी."

"त्या वेण्याही तिच्या आईच्याच होत्या, वन्सं."

कोणी काढली नाही. मी पाण्याचा तांब्या घेऊन लेकीजवळ बसले. केसांना हात लावला तशी ती त्या हाताला कडकडून चावली. मी हात काढला नाही.