तळ्यातला घोडा आणि डॉक्टरकाका

डॉक्टरकाकांच्या गोष्टीत पोरं मरायचीच. वाचायचा तो एकच, तोही बोटं गमावून. कॅनडातल्या व्हिटबी गावातल्या आम्हा मराठी मंडळींच्या जेवणाला काका आले, की बेसमेंटमध्ये पोरं त्यांना गराडा घालायची आणि वर आम्ही आया पुऱ्या तळता तळता दातओठ खायचो.

काका रिटायर्ड सर्जन. इथे येण्याआधी स्कॉटलंडमध्ये एका मोठ्या तळ्याकाठच्या इस्पितळात होते. तिथल्या तळ्यातला तो लांब मानेचा, पेपरातल्या फोटोंनी गाजलेला राक्षस त्यांना अगदीच मिळमिळीत वाटे. "तो नुसता डोकं वर काढतो. खरा हरामखोर तळ्यातला घोडा!" काठावर गोंडस घोडा उभा असतो. पोरं पाठीवर बसतात, हात आयाळीला चिकटतात, घोडा त्यांना तळाशी नेऊन फाडून खातो. "सकाळी वर काय तरंगतं?" काका विचारायचे. "लिव्हर!" पोरं किंचाळायची. एकच मुलगा सुटला, त्यानं चाकूनं स्वतःची बोटं छाटली. ते काका काकडीवर करून दाखवायचे.

माझी सई तेव्हा नऊ वर्षांची. एकटी वॉशरूमला जाईना. मी काकांना फैलावर घेतलं, "अहो, सशाबिशाची गोष्ट सांगा की!"

काका हसले नाहीत. "वैशाली, बुडालेली पोरं तिथे माझ्या टेबलावर यायची. मुठीत वल्हं, दोरी, काहीतरी घट्ट धरलेलं. घाबरलेलं पोर धरलेलं सोडत नाही गं. तिथल्या आयांनी हा घोडा उगाच नाही रचला."

"असेल. पण माझी पोरगी अंथरुणात थरथरते त्याचं काय?" मी म्हटलं.

त्या वर्षी विसर्जनाला लेक ऑन्टॅरिओ नुसता खवळला होता. माझ्या नवऱ्यानं, मंदारनं, गणपती बुडवला आणि गारठलेल्या हातातून पाट निसटला. विसर्जनानंतर त्याच पाटावर मूठभर वाळू घरी न्यायची आपली रीत, शिवाय पाट सासूबाईंनी नागपूरहून दिलेला. "अगंबाई, पाट!" मी ओरडले मात्र, घोडाबिडा विसरून सई पाण्यात धावली. "आय गॉट इट, आई!" तिनं पाट धरला आणि पुढच्या लाटेनं पाटासकट तिला धक्क्याच्या दगडांकडे ओढलं. "सोड तो! सोड!" मंदार ओरडत होता. पोरगी सोडेना.

सत्तरी उलटलेले काका धोतरासकट पाण्यात शिरले. एका हातानं तिची वेणी पकडली, दुसऱ्या हातात आरतीचा नारळ होता, तो तिच्या बोटांवर हाणला. पुन्हा हाणला. सई किंचाळली, पाट सुटला, आणि काकांनी तिला वेणीला धरून फरफटत वाळूत आणलं. हात रक्तानं माखलेला. माझं डोकंच फिरलं. "कसाई आहात का?" म्हणत मी काकांच्या छातीवर बुक्क्या मारल्या. तेवढ्यात मागे कडाडकन आवाज झाला. धक्क्यावर आपटून पाटाचे दोन तुकडे झाले होते.

काका धापा टाकत सईचा हात चाचपत होते. "एक बोट मोडलंय. जुळेल," एवढंच म्हणाले. मी पोरीला कवटाळून ढसाढसा रडले.

त्या गार पाण्यानं काकांची छाती धरली, ती सुटलीच नाही. दिवाळीआधी ते गेले. फार आठवण येते हो त्या माणसाची.

सई आता उन्हाळ्यात त्याच किनाऱ्यावर लाइफगार्ड आहे. वाकडं बोट नाचवत पोरांना विचारते, "अँड व्हॉट फ्लोट्स अप इन द मॉर्निंग?" परवा एक आई तणतणत माझ्याकडे आली. तिचा मुलगा म्हणे एकटा वॉशरूमला जात नाही.

"नको जाऊ दे," मी म्हटलं. "सांगू दे तिला."