सोजराबाईचा कान आणि नव्या पुलाची तालीम

सोजराबाईला घड्याळ कळत नव्हतं, पण एस.टी. कळायची. चाकणच्या अलीकडं आमच्या गावात बस सुरू झाली, तेव्हापासून ती थांब्यावर भाजलेल्या शेंगा विकायला बसायची. बस कोसभर लांब असतानाच तिला ऐकू यायची. "उठा, आली," म्हणाली की लोक विड्या विझवून उठत. कधी म्हणायची, "दम खा. म्हस आडवी गेली." ड्रायव्हरला विचारावं, तर म्हैस खरंच आडवी गेलेली असायची.

बस आमच्या गावापर्यंतच यायची. पुढं नदी. सोजराबाईची बहीण अंबुबाई पल्याड दिलेली, त्यामुळं पावसाळ्याचे चार महिने दोघी काठावर उभ्या राहून एकमेकींशी ओरडून भांडायच्या.

सत्तावन्न साली नदीवर पूल झाला. उद्घाटनाला इंजिनियर साहेब दहाच्या बसनं येणार, फीत कापणार आणि तीच बस पहिल्यांदा पूल ओलांडणार, असं ठरलं. सरपंच गेनबानं सोजराबाईला पुलाच्या तोंडाशी उभं केलं. "तू हात वर केलास की हलगी वाजंल. चुकू नगंस."

"आजवर चुकलीय व्हय?" सोजराबाई म्हणाली.

थोड्या वेळानं तिनं हात वर केला. हलगी कडाडली, ताशा तडतडला, वळणावर चिखल उडवत गाडीचं नुसतं तोंड दिसलं. गेनबाचा चष्मा भाषणासाठी खिशात जपून ठेवलेला. गाडी थांबताच त्यानं खिडकीतून आत हार घातला आणि हातात कात्री दिली. ड्रायव्हरनं मुकाट्यानं उतरून फीत कापली.

"दोन शब्द बोला, साहेब!" गेनबा म्हणाला.

"पूल झ्याक हाय. आता बाजूला व्हा."

एवढं नेमकं भाषण गावानं कधी ऐकलं नव्हतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. गाडी पूल ओलांडून गेली, तेव्हा कुठं सगळ्यांना दिसलं, मागं कांद्याची पोती होती.

"सोजरे, ट्रक होता की गं!" गेनबा किंचाळला.

"इंजान यस्टीचंच हाय. वरची पेटी कांद्याची हाय, त्याला मी काय करू?"

गेनबानं कपाळाला हात लावला. तेवढ्यात सोजराबाईनं पुन्हा हात वर केला. आता मात्र खरंच बस होती. गावानं धावपळ करून फितीला गाठ मारली. साहेब उतरले. त्यांनी गाठीकडं पाहिलं, मग हाराविना उभ्या गेनबाकडं.

"हे काय?"

सोजराबाई पुढं झाली. "तालीम केली, साहेब. पूल नवा, गाव अडाणी. म्हटलं, ऐन वक्ताला हसं नगं."

साहेबांना ही शिस्त फार आवडली. भाषणात त्यांनी इतर गावांनाही तालमीचा सल्ला दिला.

बस पुलावर निघाली, तेव्हा सोजराबाई शेंगांची पाटी घेऊन आत चढली. आयुष्यात पहिल्यांदाच. पुलावर तिनं डोळे गच्च मिटून घेतले आणि "आपटंल, आपटंल" म्हणत शेजारच्या बाईचा दंड धरला. पल्याड उतरल्यावर तडक अंबुबाईच्या दारात.

अंबुबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. सोजराबाईला बघून म्हणाली, "भर पावसात कशी गं?"

"गेल्या महिन्याचं भांडण अर्धं राह्यलं होतं," सोजराबाईनं पाटी खाली ठेवली. "आधी वाढ."

ती चार दिवस राहिली.