उजेडात पाहिलेला दात

"जरा उजेडात या," असं म्हणून तो पेशंटला खुर्चीवरून उठवायचा आणि थेट रस्त्यावरच्या पायरीवर नेऊन तोंड उघडायला लावायचा. वणीचा तो रस्ता. कोळशाचे ट्रक चाललेले, समोर पानठेल्यावर चार जण तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घेत उभे. बायका लाजून पदर तोंडाला लावत. हा आपला दातांच्या नमुन्यांची पट्टी काढून एकेक नमुना त्यांच्या दाताशेजारी धरायचा आणि मधूनच खिशातल्या निळ्या रुमालाकडे टक लावायचा. डोळा थकला की रंग खोटा दिसतो, निळ्याकडे पाहिलं की परत खरा दिसतो, असं त्याचं म्हणणं.

मी त्या दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांची मदतनीस होते. चूळ भरायला पाणी देणं, ट्रे धुणं, पोरं रडली की समजावणं. तो मागच्या खोलीत कॅपा आणि कवळ्या बनवायचा. पुढच्या दातात मसाला भरायचा असला तर त्याचाही रंग तोच ठरवायचा. सगळे त्याला भाऊ म्हणत, मीही.

रंग पाहण्याआधी भाऊची चौकशी चाले. खर्रा खाता का, चहा किती वेळा. कुणी आढेवेढे घेतले की म्हणायचा, "घरच्यांले सांगा खोटं, मले नका सांगू. दात मी बनवून राह्यलो." आणि लग्नाची मुलगी असली की ठरलेला प्रश्न, "हळद कधी आहे?" आपल्याकडे हळद कशी खेळतात, तुम्ही पाहिलंच आहे. गालाला लावता लावता वहिन्या नवरीच्या तोंडातही कोंबतात. भरलेला दात घासून गुळगुळीत केला नसेल तर ती हळद त्यात मुरते, मग निघत नाही. म्हणून भाऊचा नियम, "हळद खेळून या. दुसऱ्या दिवशी सकाळी भरून मिळेल, मंडपात हसत जा."

माझाही पुढचा दात त्यानंच बनवला. नमुना पाहिला आणि मी भडकले. "काहून इतका पिवळा? मी काय म्हातारी झाली?"

"बाई, या कॅपेचा रंग हलत नाही. तुमच्या बाकीच्या दातांचा हलेल. चहा सोडणाऱ्या आहे का तुम्ही? दहा वर्षांनी यातला कोणता माझा, ते तुमालेच सापडणार नाही."

महिनाभर मी त्याच्याशी धड बोलले नाही.

मग ती ट्रक ड्रायव्हरची मुलगी आली. पुढचा दात अर्धा तुटलेला, हळद दुसऱ्याच दिवशी. भाऊ म्हणाला, परवा या. डॉक्टर हसून म्हणाले, "भाऊ, तुम्ही रंग पाहा. तारीख मी पाहतो." भाऊनं तिला पायरीवर नेलं, रंग ठरवला आणि आत जाता जाता डॉक्टरांना सांगितलं, "घासल्याशिवाय सोडू नका तिले."

बाजाराचा दिवस होता, बाहेर बाकभर माणसं. डॉक्टरांनी दात भरला, लाइट मारला, आरसा दिला. मुलगी हसली आणि गेली. घासायच्या चकत्या माझ्या ट्रेमध्ये तशाच कोरड्या होत्या. मी त्या डबीत परत ठेवल्या.

आठवड्यानं बाप तिला घेऊन आला. हातात हिरवा चुडा आणि हात तोंडावर. दात चण्याच्या डाळीसारखा पिवळा. सासरी नणंदेनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तोंड धुत नाही का वो तू?"

डॉक्टर म्हणाले, "रंगच चुकला." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाई, तुम्ही होत्या. रंग कोणी पाहिला?"

भाऊ मागच्या दारात उभा होता. ट्रे मीच धुते, तेव्हा चकत्या वापरल्या की नाही हे मला माहीत असणार, हे त्याला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. पण माझं घर त्या नोकरीवर चालत होतं.

"भाऊनं," मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. म्हणून तर इतकं सोपं गेलं.

डॉक्टरांनी तो मसाला खरवडला आणि त्याच ट्यूबमधून, भाऊनं ठरवलेल्या त्याच रंगाचा परत भरला. या वेळी चकत्या मागितल्या, मी दिल्या. दात शेजारच्या दाताशी असा जुळला की बाप हात जोडून गेला. संध्याकाळी डॉक्टरांनी भाऊला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

जाताना तो माझ्यापाशी थांबला. "उजेड चांगला होता बाई, त्या दिवशी," एवढंच म्हणाला.

वणीत मग त्याला कुणी काम दिलं नाही. रंग चुकवणारा, हे नाव त्याच्याआधी सगळीकडे पोचलं. तो उमरखेडला भावाकडे गेला आणि तिथंच वारला, हे मला वर्षभरानं कळलं. तो होता तोवर एसटीनं जाता आलं असतं. मी गेले नाही.

परवा दाढ दुखते म्हणून एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. जुन्या कागदावर कॅप लिहिलेली, तिला ती दिसेना. "आजी, यातली कॅप कोणती?"

मलाही आधी सापडली नाही. जिभेनं चाचपली, मग बोट ठेवलं. तिनं लाइट जवळ ओढला आणि बराच वेळ पाहत राहिली.

"कोणी बनवली हो ही?"

"भाऊनं," मी म्हणाले, त्याच तोंडानं.