पाणी आणू का?

निरोप आला तो आमच्या लालमती गावात, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या फोनवर. माझा चुलतभाऊ महादेवदादा रिव्हिएर दू रांपार गावातल्या आपल्या मळ्यात टोमॅटोला काठ्या बांधताना कोसळला होता. मी पिशवी भरली, गॅस बंद केला, बस धरली. हॉस्पिटलात पोहोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं...

सत्तरच्या दशकात दादा ऑपरेशन थिएटरात भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली परिचारक होता. पुढे रुग्णवाहिकेवर जाणाऱ्या मुलामुलींना बेशुद्ध माणसाची श्वासाची वाट मोकळी कशी ठेवायची ते शिकवू लागला. मी नर्स, म्हणून वर्गात मदतीला. रबरी पुतळा, तोंडात घालायच्या नळ्या, दाबून हवा भरायचा फुगा, सगळं मी ओळीनं मांडायची. दादा म्हणायचा, आधी हात, मग सामान. “लेव मांतों! हनुवटी उचल! अरे, दाढी नाही करायची त्याची, नीट उचल.” कुणी पुतळ्याच्या डोक्याखाली उशी सारली की ती खेचून काढायचा. “ही सासऱ्याला दे. मान वाकली, जीभ मागे पडली, वाट बंद.”

त्याचं खरं भांडण पाण्याशी होतं. आमच्या गावांत माणूस निपचित पडला की कुणीतरी तुळशीचं पाणी घेऊन धावतं. शेवटच्या घोटाशिवाय कुणी जाऊ नये. तेच पाणी श्वासनळीत उतरतं. दादा सगळ्या वर्गाकडून ओरडून घ्यायचा, “पा दोन दिलो!” पाणी देऊ नका. इथल्या क्रेओल भाषेत दिलो म्हणजे पाणी, आणि पणजोबांबरोबर कोकणातून या बेटावर आलेल्या आमच्या जुन्या बोलीत दिलो म्हणजे दिला. “म्हणून आपली माणसं दिलो म्हटलं की देऊनच मोकळी होतात!” मुलं हसायची, आणि विसरायची नाहीत.

सावित्रीवहिनी, त्याची बायको, वर्गात कधी आली नव्हती. जेवताना ऐकून ऐकून शिकली. त्या दिवशी मळ्यात तिनं त्याला सपाट निजवलं आणि हनुवटी उचलून धरून बसली. शेजारची भीमाकाकी लोटी घेऊन आली.

“दोन थेंब तरी घाल गं. तहानलेला धाडतेस त्याला?”

“श्वास चाललाय त्यांचा, काकी. नाय घालायचं.”

“मोठी डॉक्टरीण लागून गेली!”

वहिनीनं लोटी कोपरानं ढकलली. रुग्णवाहिकेवर दादाचाच एक विद्यार्थी होता. “बरोबर धरलंय, तांतीन,” म्हणजे मावशी, एवढंच तो म्हणाला. बेटाच्या दक्षिणेला नुव्हेल फ्रांस गावी दिलेली मुलगी हॉस्पिटलात येईपर्यंत दादाचा श्वास चालू होता. मग सगळ्यांना बाहेर काढलं, पडदा ओढला. पडदा उघडला तेव्हा चादर तोंडावर होती. ओठांना पाणी लावलं, पण ते तो गेल्यावर.

तेराव्यानंतर वहिनीनं मला मोरीपाशी गाठलं. “तू शिकवतेस ना, खरं सांग. तहानलेले गेले का गं ते?”

मी सांगितलं, बेशुद्ध माणसाला तहान कळत नाही. तू पाणी घातलं असतंस तर दादा मळ्यातच गेला असता, लेकीला त्याचा हातही धरता आला नसता.

“ते कळतं गं,” ती म्हणाली. “पण लोटी मीच ढकलली ना...”



वर्ग आता मी एकटी घेते. हनुवटी, जबडा, नळी, फुगा, क्रम दादाचाच. शेवटी एक गोष्ट वाढवली आहे. डॉक्टरांनी थांबा, संपलं म्हटलं की मागे सरायचं, पडदा उघडायचा आणि घरच्यांना विचारायचं, पाणी आणू का?

पहिल्या दिवशी एक मुलगी दबकत म्हणाली, “मादाम, सर तर पाणी नको म्हणायचे.”

“श्वास असेपर्यंत,” मी म्हटलं, आणि तिच्याच हाती पेला देऊन तिला नळावर धाडलं. तेही एकदा करून बघायला हवं.